चालत्या गाडीतले गाणे

मुंबई नेमकी कुठे संपते, असे कोणी विचारले तर भूगोलाचे मास्तर नकाशा उलगडतील. आम्ही पेणकरपाड्याचे लोक नुसते बोट दाखवतो. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपली आणि आमचा पाडा आला! एके काळी या नाक्यावर जकातीसाठी मालमोटारी खोळंबत आणि टोलसाठी लहान गाड्या. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी गेली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून लहान गाड्यांचा टोलही माफ झाला. पण गर्दी काही सरकारी हुकमाने माफ होत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला बराच काळ गाडीत, आणि तोही थांबलेल्या गाडीत जातो. मग त्याला गाण्याची आठवण झाली तर नवल कसले?

आमच्या घरात पाच माणसे आणि दोन खोल्या. एक टीव्ही, त्यावर मालकी कोणाची याचा निवाडा अजून व्हायचा आहे. तेव्हा सगळ्यांनी मिळून एक गाणे ऐकायचे तर ते गाडीतच. रविवारी संध्याकाळी आईला घेऊन घोडबंदरच्या बाजूला फेरी मारायची, हा आमचा नेम. आईचे वय आता एकोणऐंशी. गेल्या वर्षभरात ती म्हणू लागली, "गाणं लागलंय ते कळतं रे, पण शब्द कळत नाहीत." मी आवाज वाढवला, तर ती कानावर हात ठेवी. जुना सेट बदलायचा बेत तेव्हा ठरला.

माझा पिंड इतिहासाच्या शिक्षकाचा. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिचे कुळ-मूळ पाहावे, ही खोड नोकरी संपली तरी सुटलेली नाही. आणि वाचकहो, या वेळी ती खोड कामी आली. मोटारीतल्या गाण्याचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की दुकानदार आज जी जी वस्तू पुढे ठेवतो, ती कोणत्या तरी जुन्या अडचणीचे उत्तर आहे. अडचण कळली की वस्तू कळते, आणि ती आपल्याला हवी की नको हेही कळते.

१

मोटार आणि गाणे यांचे मुळात वैर. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगी हे एक लहानसे आकाशवाणी केंद्रच असते. हर्ट्झ आणि मार्कोनी यांनी पहिल्या बिनतारी लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. म्हणजे मोटारीत रेडिओ ठेवला की त्याला पहिल्यांदा ऐकू येई ती स्वतःच्याच इंजिनाची कडकड! दुसरी अडचण विजेची. त्या काळच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना शेकडो व्होल्ट लागत आणि मोटारीच्या बॅटरीत सहाच व्होल्ट. तिसरी अडचण खड्ड्यांची. ती कोणत्याही देशाला सांगायला नको.

या तिन्हींवर तोड काढून परवडण्याजोगा मोटार-रेडिओ विकणारा पहिला यशस्वी माणूस म्हणजे शिकागोचा पॉल गॅल्विन. साल १९३०. मंदीचे दिवस, कारखाना डबघाईला आलेला. अटलांटिक सिटी येथे रेडिओ कारखानदारांचे संमेलन भरले होते, पण त्यात गाळा घेण्याची गॅल्विनची ऐपत नव्हती. त्याने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाणे ऐकवले. मागण्या मिळाल्या. मोटार आणि आवाज या दोहोंचा मेळ घालून त्याने मालाला नाव दिले 'मोटोरोला'. त्याची किंमत शंभर डॉलरांच्या वर होती, आणि त्या वेळी नवी फोर्ड गाडी साधारण सहाशे डॉलरांच्या आत-बाहेर मिळे. गाडीच्या किमतीचा पाचवा-सहावा हिस्सा गाण्यासाठी! हौसेला मोल नसते हे आपण म्हणतो, अमेरिकनांनी ते करून दाखवले.

गॅल्विनची आणखी एक गोष्ट सांगतात. कर्ज मिळावे म्हणून त्याने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळाले नाही. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, गाडीच्या विजेशी खेळणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी अशी आहे.

युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीने आपला सेट काढला. त्याचे वजन सुमारे पंधरा किलो. वाण्याकडच्या ज्वारीच्या लहान पोत्याएवढा ऐवज! पुढे १९३५ च्या सुमारास गाड्यांची कापडी छपरे जाऊन अखंड पोलादी छपरे आली. छपराच्या कापडात लपवलेली एरियलची जाळी निकामी झाली, कारण पोलादाच्या डब्यात रेडिओची लहर शिरत नाही. म्हणून एरियल बाहेर आली आणि काडीसारखी उभी राहिली. आज गाडीच्या टपावर दिसणारे माशाच्या पराएवढे शेपूट हे तिचेच वंशज.

२

आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला. रेडिओ घरात असो वा मोटारीत, टपाल कचेरीत जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत गेली. आजच्या मुलांना सांगितले की गाणे ऐकायलाही लायसन लागे, तर ती आपल्याकडे अविश्वासाने पाहतात.

मोटारही तशी दुर्मिळच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे पद्मिनी झालेली, ही मुंबईच्या मध्यमवर्गाची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी. त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतला मुक्काम ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. कित्येकांनी चालत्या गाडीतले पहिले गाणे ऐकले ते या टॅक्सीतच.

पण कोणते गाणे, हे ठरवणारे दुसरेच कोणी असे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला तो थेट सिलोनवर! त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून अमीन सायानींचा गीतमालेचा कार्यक्रम सुरू झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीने लोकांची आवड मान्य केली.

मराठी माणसाला या काळातले आणखी एक साल विसरून चालणार नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, एकूण छप्पन्न गीते, वर्षभर दर आठवड्याला. आई तेव्हा नऊ वर्षांची, भोरला. शेजारच्या घरी रेडिओ होता. सगळ्या आळीने ओसरीवर बसायचे, मुलांनी बोलायचे नाही. एक गीत निसटले तर दुसऱ्या प्रसारणाची वाट पाहायची. आईचे म्हणणे असे की ती गाणी पाठ झाली ती वारंवार ऐकल्यामुळे नव्हेत, तर पुन्हा मिळतील की नाही या भीतीने. तिला शब्द ऐकू यायला हवेत ते याचसाठी. तिच्या लेखी गाणे म्हणजे आधी शब्द, मग सूर.

३

आपल्या मनचे गाणे, आपल्या वेळेला, आपल्या गाडीत ऐकायचे, या हट्टापायी माणसांनी काय काय केले! १९५६ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने गाडीत चक्क तबकडीचे यंत्र बसवले. मिनिटाला सव्वासोळाहून थोडे अधिक फेरे घेणारी सात इंची तबकडी आणि तिच्यावर जड सुई, हेतू हा की गचका बसला तरी सुई उडू नये. सुई उडालीच. थोड्याच वर्षांत तो थाट आटोपला.

त्यानंतर आली फीत. १९६५ च्या सप्टेंबरात फोर्डने आपल्या नव्या गाड्यांत आठ पट्ट्यांच्या फितीचे यंत्र देऊ केले. ते घडवणारा बिल लिअर म्हणजे गॅल्विनच्या पहिल्या रेडिओला हातभार लावणाराच माणूस. लिअरजेट विमानेही त्याचीच. परंतु जग जिंकले ते हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवलेल्या चिमुकल्या कॅसेटने. शर्टाच्या खिशात मावणारी, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी, आणि मुख्य म्हणजे कोणालाही घरी भरता येणारी. १९६८ साली फिलिप्सने तिचे मोटारीतले यंत्रही काढले.

आपल्याकडे हा डेक प्रथम आला तो आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून, नाही तर चोरट्या बाजारातून. बाहेरच्या मालावरची जकात जबर, त्यामुळे मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट ही नावे मुंबईकराला देवळांइतकी ठाऊक होती. पण कॅसेट स्वस्त झाली आणि मोठी गंमत झाली. रेडिओच्या साहेबांना जी गाणी रुचत नव्हती ती आता कोणालाही विचारत नव्हती. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, कोळीगीते, पोवाडे, पु. लं. चे कथाकथन, सारे टेम्पो, ट्रक आणि टॅक्सीतून गावोगाव फिरू लागले. ड्रायव्हरच्या डोक्यावरची फळी म्हणजे फिरते ग्रंथालयच!

१९८४ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी मोटारीतली सीडी आणली. मग पेन ड्राइव्ह, मग मोबाइलशी जोडलेला पडदा. इथून पुढचे वाचकांनी स्वतः पाहिलेले आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

४

आता खरेदी. लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे मुंबईतल्या विजेच्या आवाजी वस्तूंचे पंढरपूर. आई, मी आणि कॉलेजात जाणारा चिरंजीव असे तिघे गेलो. दुकानदार मोठा उत्साही. त्याने एक कळ दाबली आणि छातीत धडधड सुरू झाली.

"काका, बास बघा बास! चार गुणिले पन्नास वॉट!"

चिरंजीवांचा चेहरा उजळला. आई खुर्चीत सरसावून बसली आणि म्हणाली, "बाळा, ह्यात ती बाई काय म्हणतेय?"

दुकानदार हसला. "आजी, त्यात बाई नाही, मशीन आहे."

"मग माणूस असलेलं लाव की."

मी मोबाइलवर गीतरामायणातले एक गीत लावून दिले. एकामागून एक चार जोड्या स्पीकर ऐकले. तिसऱ्या जोडीला आई ओठ हलवू लागली. चौथी जोडी महाग होती, तरी तिला पहिल्यासारखीच वाटली. माझ्या मते त्या दिवशीची खरी परीक्षा तेवढीच झाली.

यामागचे शास्त्र थोडक्यात सांगतो. वयाबरोबर कान आधी उंच स्वर गमावतो. शब्दांतले स, श, त, फ हे व्यंजनांचे आवाज त्या उंच पट्टीत असतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो आणि शब्द येत नाही. आवाज वाढवला की खालचा घुमार वाढतो आणि उरलेली व्यंजनेही त्यात बुडतात. तिला हवा होता स्वच्छपणा, आणि वॉटचा आकडा तो देत नाही.

आणि तो पन्नास वॉटचा आकडा तरी काय? इंजिन चालू असता गाडीची वीज सुमारे १४.४ व्होल्ट. स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम. साध्या सेटमध्ये वीज वाढवणारे यंत्र नसते, तेव्हा आवाज न फाटता एका स्पीकरला मिळू शकते ती शक्ती गणिताने फार तर २६ वॉट, व्यवहारात वीसच्या आसपास. पन्नास हा आकडा आवाज पार फाटल्यावरचा. खोक्यावर 'आरएमएस' या अक्षरांपुढे जो आकडा असेल तोच खरा मानावा. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला शक्ती दसपट लागते. पन्नासचे शंभर केल्याचा आनंद म्हणूनच खिशाला जितका जाणवतो तितका कानाला नाही.

खरोखर अधिक शक्ती हवी तर वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा. त्याच्या पोटात बारा व्होल्टचे अधिक व्होल्ट करणारी सोय असते, आणि ही तीच १९३० सालची जुनी अडचण नव्या वेषात! मात्र त्याला वीज भरपूर लागते. पाचशे वॉट देणारा ॲम्प पूर्ण जोरात असता सुमारे ४५ अँपिअर ओढतो. त्याची तार थेट बॅटरीपासून, जाड आणि शुद्ध तांब्याची हवी, आणि बॅटरीपासून एका हाताच्या, म्हणजे अठरा इंचांच्या आत फ्यूज हवा. त्या बँकवाल्याच्या पॅकार्डची गोष्ट इथे आठवावी. आम्ही चार स्पीकरांपुरता लहान ॲम्प घेतला.

पैशाची वाटणी मी जुन्या हिशेबाने, रुपयाचे सोळा आणे धरून केली. स्पीकरला पाच आणे, कारण कानापर्यंत शेवटी पोहोचतो तो त्यांचाच आवाज. ॲम्पला चार. सेटला तीनच, जरी दुकानात सर्वांत जास्त चमकतो तो. दोन आणे तारा, फ्यूज आणि कपलर यांना. उरलेले दोन दारांच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या रबरी डांबरासारख्या पट्ट्यांना. या शेवटच्या दोन आण्यांना चिरंजीवांचा विरोध होता. वूफरचे खोके मागे ठेवावे, असा त्यांचा आग्रह. मी त्याला म्हटले, दाराचा पत्रा हे स्पीकरचे खोके आहे. तो थरथरला तर डबा वाजतो, आणि थरथर थांबली की त्याच स्पीकरातून बासही निघतो. तबला डळमळत्या टेबलावर ठेवून कोणी वाजवतो का? एवढ्यावर तो गप्प बसला नाही; पण पत्र्यावर पट्ट्या लावून आधी आणि नंतर दार ठोकून पाहिले तेव्हा बसला.

कपलरबद्दल दोन शब्द. गाडीच्या मूळ तारा कापू देऊ नयेत. मध्ये लावायचा तयार कपलर मिळतो. तो लावला की उद्या जुना सेट परत बसवता येतो आणि गाडीच्या हमीवरून वादही होत नाही. सेटच्या खाचेचे मापही जर्मन मानकाने ठरलेले आहे, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० किंवा १०० उंच. घरून मापून निघावे. आणि पक्के बिल घ्यावे. हमी बिलावर चालते, दुकानदाराच्या हसण्यावर नव्हे.

५

सेट बसल्यावर एक शेवटचे काम उरते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन बाजूंच्या दोन आवाजांतून गाणे समोर उभे करण्याची कल्पना इंग्रज संशोधक ॲलन ब्लुमलाइन याची, १९३१ सालची. पण ऐकणारा मधोमध बसला आहे हे त्यात गृहीत असते, आणि मोटारीत मधोमध कोणीच बसत नाही. आपल्याकडे चालकाला उजवे दार जवळ, डावे लांब. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. हाताभराहून थोड्या अधिक फरकाला दीड मिलिसेकंद. नव्या सेटमध्ये जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायची सोय असते. कारागिराने ती माझ्या जागेसाठी लावली होती. मी ती बदलून आईच्या जागेसाठी लावून घेतली. मागच्या डाव्या बाजूला तिची जागा. खालचे स्वर थोडे कमी, मधले जरा वर. चिरंजीवांसाठी दुसरी कळ राखून ठेवली आहे. घरात शांतता आहे.

आता कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालेल; ९० डेसिबल असेल तर मात्र चारच तास. रोज नाक्यावर तास-तास खोळंबणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. आणि गाडीच्या काचेबाहेर शेजारी राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ठेवली आहे. पेणकरपाड्यात इमारतीला इमारत लागून. एकाच्या गाडीतला बास दुसऱ्याच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. पत्र्याला लावलेले ते दोन आणे इथेही उपयोगी पडतात, कारण ते आवाज आत राखतात.

नव्वद वर्षांपूर्वी माणसाने इंजिनाच्या कडकडीतून गाणे वेगळे काढले. मग खड्ड्यांतून, पोलादी छपरातून, सरकारी आवडीनिवडीतून ते सोडवून आणले. आता आपल्या बोटाच्या टोकावर कोणतेही गाणे आहे, आणि ते पुन्हा गोंगाटात बुडवायचे की नाही हे आपल्याच हाती आहे. या दिवाळीत कोणी गाडीत नवा सेट घेणार असेल, तर माझे सांगणे एवढेच: दुकानात जाताना घरातले सर्वांत वडील माणूस बरोबर न्या, आणि त्याला तोंडपाठ असलेले गाणे लावायला सांगा. ज्या स्पीकरावर त्याचे ओठ हलतील, तो घ्या.